बोझ-कोलचे चाळीस मासे

१

चाळीसच्या चाळीस मासे जिवंत आहेत, चोर कोणीच नाही, आणि ऑर्मोन बाइकेंनी त्यातला एकही खाल्लेला नाही. निकाल हा असा लागला.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. मीही लिहिलं नाही. कारण त्या सकाळी बोझ-कोलच्या काठावर हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते चहात नान बुडवत गप्प बसले होते.

मी कुबान, गावच्या कचेरीतला कारकून. सकाळी धक्क्यावर लाल फीत बांधायला गेलो होतो. वारा असा होता की फितीचं एक टोक बांधलं की दुसरं माझ्या तोंडावर. दुपारी राजधानीहून मत्स्य आयोग यायचा होता. धक्क्याला बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात चाळीस मोठे ट्राउट मासे होते. ते आयोगासमोर तळ्यात सोडायचे, टाळ्या वाजवायच्या, आणि मग आयोगानं पाच वर्षांची मासेमारीबंदी उठवायची, असा कार्यक्रम होता. कार्यक्रमपत्रिका मीच टाइप केली होती. टाळ्या कोणी सुरू करायच्या तेही तिच्यात होतं.

फीत बांधून झाली. खाली बघितलं तर पिंजऱ्यात पाणी होतं. नुसतं पाणी.

दाराचं कुलूप लागलेलं. जाळी कुठेही फाटलेली नाही. मी फीत सोडली, मग परत बांधली, कारण अशा वेळी काय करायचं ते पत्रिकेत नव्हतं.

हिशेब सरळ होता. मासे नाहीत, म्हणजे गावाला तळं राखता येत नाही. राखता येत नाही, म्हणजे बंदी आणखी पाच वर्षं. आणि कुलपाची एकुलती एक किल्ली ऑर्मोन बाइकेंच्या गळ्यात, म्हणजे तुरुंगही त्यांचाच.

ऑर्मोन बाइके तळ्याचे राखणदार. (आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला बाइके म्हणतात, बाईला एजे.) पूर्वी स्वतः मासेमार, बंदी आल्यावर सरकारी टोपी घातली. त्या टोपीखालून त्यांनी पाच वर्षांत निम्म्या गावाला दंड केला, उरलेल्या निम्म्याला दोनदा. गावात सगळे त्यांचा आदर करत आणि कोणी त्यांच्याशी बोलत नसे.

मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी पिंजऱ्यात पाहिलं, मान हलवली. मला वाटलं ओरडतील, पळतील, निदान शिवी देतील.

"बाइके, कोणी चोरले असतील?" मी विचारलं.

"कोणीही चोरले नाहीत," ते म्हणाले. मग गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "पोलिसांना दे. मी घरी जाऊन दाढी करतो. न्यायला येतील तेव्हा बरा दिसायला हवा."

२

जिल्ह्याहून कॅप्टन केरेझ आल्या. केरेझ एजे पन्नाशीच्या, आणि त्यांना बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. खुर्ची दिली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहतात आणि खुर्ची हलवत राहतात. आमच्या कचेरीतल्या एका खुर्चीचा पाय त्या दिवशीच गेला.

त्यांचा फोन सतत वाजत होता. एक फोन आयोगाच्या वाटेवरचा: आयोगाची गाडी खिंडीच्या पायथ्याशी आली. दुसरा त्यांच्या भावाचा. एजेंच्या मुलानं भावाची मोटारसायकल पुन्हा नेली होती, न विचारता, पेट्रोलसकट. "तू काय बोललास त्याला?" एजेंनी विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण एजे म्हणाल्या, "हो, तू काय बोलणार म्हणा," आणि फोन ठेवला.

धक्क्यावर त्यांनी कुलूप पाहिलं, जाळी पाहिली, मग बराच वेळ मांजरं पाहिली. धक्क्यावर गावाची सगळी मांजरं असतात. त्या दिवशी ती एजेंच्या बुटांना अंग घासत केविलवाणं ओरडत होती.

"ही नेहमी अशीच?"

मी सांगितलं की भूक लागली की अशीच.

"चाळीस मोठे मासे या धक्क्यावरून गेले, आणि गावातलं एकही मांजर जेवलेलं नाही," एजे म्हणाल्या. "खवला नाही, आतडं नाही, रक्ताचा थेंब नाही. कुबान, तुमच्या गावात मासा साफ न करता खातात का?"

ऑर्मोन बाइके दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून ओसरीवर बसले होते. शेजारी एक पिशवी, तीत गरम मोजे. एजेंनी त्यांना अंगणात फेऱ्या मारत प्रश्न विचारले, आणि त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. किल्ली हरवली होती का? नाही. कोणी हिसकावली? नाही. रात्री झोपेत कोणी काढून घेतली? त्यांची झोप हलकी आहे. मग मासे तुम्ही विकलेत का? यावर मात्र त्यांनी एजेंकडे असं पाहिलं की एजेंनी एक फेरी न बोलता मारली.

"मग चोर कोण?"

"चोर नाही म्हणून सांगितलं या पोराला. चोरी झाली हे तुमच्या कागदावर आहे. माझ्या तोंडून कोणी ऐकलंय का?"

फोन वाजला. आयोग खिंड चढू लागला होता.

जीपमध्ये बसताना, म्हणजे दार धरून उभ्या राहताना, एजे म्हणाल्या, "हा माणूस खोटं बोलत नाहीये. खोटं बोलणारा बरा, त्याला पकडता येतं."

३

गावाच्या नाक्यावर साल्किन एजे धुरावलेले मासे विकतात. बंदी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं त्यांचा धंदा बसणार. त्यांनी त्याच दिवशी पाटी लावली: 'परदेशी मासे'. तेव्हापासून परदेशी मासे रोज पहाटे, ओले, त्यांच्या दारी येतात. मच्छीबंदी समर्थक महिला समितीच्या अध्यक्षाही त्याच.

केरेझ एजेंनी एक ओला मासा उचलून पाहिला. डोळे अजून चकाकत होते.

"हा कोणत्या देशाचा?"

"लांबचा," साल्किन एजे म्हणाल्या. "कॅप्टन, आधी नानचा तुकडा तोंडात घाला, मग चौकशी. माझ्या दारातून कोणी नान न चाखता जात नाही."

केरेझ एजेंनी उभ्याने तुकडा चाखला. मग विचारलं की बंदीबद्दल आपलं मत काय.

"बंदी हवीच. नाहीतर हे लोक सगळे मासे संपवतील, मग माझ्यासारखीनं जगायचं कसं? जाळ्याची भोकंसुद्धा मोठी हवीत, बारकी पोरं सुटली पाहिजेत. विणीच्या दिवसांत तर पाण्यात पायसुद्धा घालू नये कोणी. हे मी समितीत ठरावच करून घेतलाय."

"आणि तुम्ही?"

"मी समितीची अध्यक्ष आहे. ठराव इतरांसाठी."

गावात कोणालाही विचारा, हेच उत्तर. दवाखान्यातली बाई, दुकानदार, सगळे बंदीच्या बाजूचे. प्रत्येकाच्या माळ्यावर जाळं. प्रत्येकाला वाटतं, तळं वाचलं पाहिजे, आणि ते शेजाऱ्यापासून.

पण साल्किन एजेंचं नाक मोठं कामाचं. कोणाच्या भट्टीत कोणतं लाकूड जळतंय ते त्या नाक्यावर बसून सांगतात. त्यांनी शपथेवर सांगितलं की काल संध्याकाळपासून गावात मासा ना धुरावला गेला, ना तळला गेला. आयोग येणार म्हणून सगळ्यांनी भट्ट्या विझवल्यात, अगदी त्यांनीही.

"काल संध्याकाळी मात्र ऑर्मोनच्या घरी जेवण होतं. बंदी उठणार म्हणून त्यानं गावाला बोलावलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. आम्ही गेलोही सगळे, मेंढी चांगली होती. पण निघताना त्याचा चेहरा बघायला हवा होता."

"का? काय झालं?"

"दारात शारबेकशी काहीतरी बोलला. शारबेक म्हणजे त्याचा भाचा, तो पाहुणेघरवाला. गेल्या शरदात ऑर्मोननं त्याची जाळी पकडली आणि त्याच्याच अंगणात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर जाळली. सख्ख्या मामानं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. काल बोलले, आणि ऑर्मोन असा पांढरा पडला की मी म्हटलं, हा आता बसतो खाली."

"काय बोलला शारबेक?"

साल्किन एजेंनी आयुष्यात पहिल्यांदा मान्य केलं की एक गोष्ट त्यांना ऐकू आली नाही.

४

शारबेक बाइके बंदीविरुद्ध बोलायला लागले की गावात कोंबड्या झाकतात. पंचेचाळिशीचा धिप्पाड माणूस. पाहुणे येतात ते तळ्यातला भाजलेला मासा खायला, आणि पाच वर्षं त्यांना डबाबंद मासा वाढावा लागतोय, हे ते प्रत्येक पाहुण्याला डबा उघडताना सांगतात. सरकारला मासे मोजता येतात, माणसं मोजता येत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी अर्धा तास तरी ऐकायची तयारी ठेवून गेलो होतो.

ते अंगणात मेंढी सोलत होते. घाईघाईत कापलेली, सुरी हातात नीट बसत नव्हती.

"बंदीबद्दल?" ते म्हणाले. "चालू द्या की. काय वाईट आहे?"

मला वाटलं मी चुकीच्या घरी आलो.

केरेझ एजेंनी अंगणात चकरा मारायला सुरुवात केली. भिंतीशी पाहुण्यांच्या आंघोळीचा मोठा लोखंडी टब उलटा टाकलेला होता, वाळायला. एजेंनी त्यावर बोटं वाजवली.

"आयोगाचं जेवण तुमच्याकडेच ना?"

"हो."

"मेंढी?"

"मेंढी."

एजेंनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवलं. शारबेक बाइकेंनी जेवणाचा बेत काल संध्याकाळी, मामांच्या घरून परतताना, मला स्वतः सांगितला होता: आयोगासाठी काय ते सरप्राइज आहे, मेंढीबिंढी आणू नकोस. मी ते सांगितलं. शारबेक बाइकेंची सुरी थांबली.

"बेत बदलला," ते म्हणाले.

"कोणी बदलला?"

त्यांची नजर घराच्या दाराकडे गेली. दारात शेगडीजवळ गॅलोशांचा, म्हणजे रबरी बुटांचा, एक जोड वाळत ठेवला होता. लहान, म्हाताऱ्या बाईच्या पायांचा. त्यांना तळ्याची करडी वाळू चिकटलेली होती.

शारबेक बाइकेंची आई, अनिपा आपा, ऐंशीच्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षभर फाटकाबाहेरही गेलेल्या नव्हत्या.

फोन वाजला. आयोग खिंड उतरला होता, आणि वाटेत कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला थांबला होता. फोन करणाऱ्याच्या मते एकच वाडगा. आयोगानं दुसरा घ्यावा अशी आम्ही दोघांनीही मनात प्रार्थना केली.

५

अनिपा आपांनी आम्हाला बसवलं. म्हणजे मला बसवलं. केरेझ एजे खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि नानचा दुसरा तुकडा चाखला. आपांनी त्यांना तीनदा खाली बसायला सांगितलं आणि मग म्हणाल्या की या बाईच्या नवऱ्याचे हाल असणार.

एजेंनी मासे हा शब्दच काढला नाही. त्यांनी आपल्या भावाच्या मोटारसायकलबद्दल सांगितलं. मुलगा दरवेळी नेतो, भाऊ दरवेळी नेऊ देतो, आणि बहीण पोलिसात असून तक्रार मात्र येत नाही.

"कशी येईल?" आपा म्हणाल्या. "भाच्यानं मामाच्या घरात ज्यावर बोट ठेवलं ते त्याचं. मामानं नाही म्हटलं तर त्याचा हात थरथरायला लागतो, कायमचा. माझ्या आजीच्या भावाचा लागला होता."

"आणि दिलेलं परत घेता येत नाही."

"परत घेणं म्हणजे भाच्याच्या तोंडावर थुंकणं. आणि भाच्यानं परत देणं म्हणजे मामाच्या."

केरेझ एजे पहिल्यांदाच स्थिर उभ्या राहिल्या. मला त्याची इतकी सवय नव्हती की मी घाबरलो.

"आपा, तुमच्या मुलानं काल मामाकडे काय मागितलं?"

आपांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. बाहेर अंगणात सुरीचा आवाज थांबला.

"माझं माहेर म्हणजे एकच माणूस उरलाय," त्या म्हणाल्या. "ऑर्मोन. यानं माहेरी जाऊन काय मागावं? 'कायद्यानं तुम्ही माझी जाळी घेतलीत मामा, रीतीनं मी तुमचे मासे घेतो.' आणि तो खुळा, ज्यानं स्वतःच्या सासऱ्याला दंड केला, त्यानं किल्ली काढून दिली. पहाटे यानं पिंजरा रिकामा केला, कुलूप लावून किल्ली मामाच्या उंबऱ्यावर ठेवली, आणि मासे भरून घरी आणले. अंघोळीच्या टबात. आयोगाला भाजून घालणार म्हणे, बघू त्यांचे चेहरे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी चप्पल घेतली हातात. काय करणार? पिंजऱ्यात परत ठेव म्हणायची सोय नाही, मामाचा अपमान. घरात ठेवायचे नाहीत, माझा अपमान. मी म्हटलं, तळं कोणाच्या मामाचं नाही. तिथे सोड. हा हातगाडी ओढत पुढे, मी मागून. शेवटचा मासा पाण्यात जाईपर्यंत हलले नाही." आपांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच उशीर केला. "तळ्यातच सोडायचे होते ना ते? सोडले. तुमचं काम वाचवलं."

केरेझ एजे बसल्या.

मी साक्षीला आहे. त्या खरोखर खाली बसल्या, आणि आपांनी त्यांच्या वाडग्यात चहा ओतला.

"म्हणून ऑर्मोन म्हणतो चोरी नाही," एजे म्हणाल्या. "चोरी नव्हतीच. आणि भाच्याचं नाव घेतलं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होईल, म्हणून तो मोजे भरून तुरुंगात निघालाय. कुबान, उठ. सुटला तो."

त्या एवढ्या आनंदात होत्या की मला त्यांना सांगवेना, कार्यक्रमपत्रिकेत मासे दुपारी सोडायचे होते.

६

आयोगाचे अध्यक्ष सभ्य माणूस होते. उंच पांढरी फेल्टची टोपी, मऊ आवाज. वाऱ्यात एका हातानं टोपी धरून त्यांनी केरेझ एजेंचं सगळं ऐकून घेतलं: कुलूप, मांजरं, विझलेल्या भट्ट्या, टब, मेंढी, गॅलोश. धक्क्यावर गाव गोळा झालं होतं. ऑर्मोन बाइके पिशवी घेऊन एका बाजूला उभे होते.

शारबेक बाइके गर्दीतून पुढे आले आणि म्हणाले की मासे त्यांनी नेले. ऑर्मोन बाइके म्हणाले की नेले नाहीत, त्यांनी दिले. शारबेक म्हणाले मी मागितले म्हणून. ऑर्मोन म्हणाले मी नाही म्हणू शकलो असतो. शारबेक म्हणाले नसतात शकलात. शरदापासून न बोललेले मामा-भाचे दोष स्वतःकडे ओढायला अशा हिरीरीनं भांडू लागले की आयोगाच्या लेखनिकानं पेन खाली ठेवलं.

"पण मासे तळ्यात आहेत," अध्यक्ष म्हणाले. "याबद्दल मला आनंद आहे. फक्त ते आम्ही पाहिलेले नाहीत."

"आईची शपथ," शारबेक बाइके म्हणाले.

"शपथ पाहता येत नाही. माशांच्या पाठीवरचा लहान पर आम्हीच कापून खूण केली होती. ती खूण पाहिली की बंदी उठेल, आणि या गृहस्थांवरचा गुन्हाही. नाही पाहिली तर मला दोन्ही कायम ठेवावं लागेल. मला आवडणार नाही, पण लागेल."

"मी जाळं टाकतो," शारबेक बाइके म्हणाले. "माझ्याकडे..." मग ते थांबले, कारण त्यांच्याकडे अजून एक जाळं आहे हे त्यांच्या मामाला ठाऊक नव्हतं.

"तळ्यात मासेमारीला बंदी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"बंदी उठवा मग."

"मासे पाहिल्यावर."

गावानं ऑर्मोन बाइकेंकडे पाहिलं. गाव त्यांच्या बाजूनं असं एकत्र उभं राहिलेलं मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. साल्किन एजे म्हणाल्या की एकदाच जाळं टाकू द्या, आम्ही सगळ्याजणी तोंड फिरवून उभ्या राहतो. दुकानदार म्हणाला की त्याच्याकडे मोठ्या भोकांचं आहे, कायद्याप्रमाणे. अध्यक्षांनीही, मला वाटतं, क्षणभर टोपी डोळ्यांवर ओढायचा विचार केला.

"नाही," ऑर्मोन बाइके म्हणाले. "बंदी आहे. जो टाकेल त्याला मीच दंड करीन."

मग त्यांनी पिशवी उचलली आणि केरेझ एजेंना विचारलं की जीपमध्ये कुठे बसायचं. शारबेक बाइकेंनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. मामांनी ती घेऊ दिली.

एजेंनी त्यांना त्या दिवशी नेलं नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबते, म्हणाल्या. कोणता अर्ज, असं अध्यक्षांनी विचारलं. एजेंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तो मी त्याच संध्याकाळी कचेरीत टाइप केला.

प्रति, मा. अध्यक्ष, मत्स्य आयोग.

विषय: मासेमारीस बंदी असलेल्या तळ्यात कोणीही मासेमारी केलेली नाही हे सिद्ध करण्यासाठी मासेमारी करण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती की, मौजे बोझ-कोल येथील तळ्यात मुक्त संचार करीत असलेले चाळीस ट्राउट मासे खूण तपासण्यापुरते पकडून, आयोगाने 'पाहिले' असे म्हणताच तत्काळ पाण्यात सोडण्याची परवानगी, बंदी अबाधित ठेवून, देण्यात यावी. परवानगी देणे बंदीमुळे शक्य नसल्यास, सदर चाळीस माशांना आयोगाच्या पुढील भेटीच्या दिवशी धक्क्यालगत स्वखुशीने हजर राहण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी. मासे हजर होईपर्यंत श्री. ऑर्मोन यांना तात्पुरते निर्दोष समजण्यात यावे, आणि त्यांनी रोज पहाटे धक्क्यावर उभे राहून पाण्याकडे पाहत बसणे हा शासकीय कर्तव्याचा भाग मानण्यात यावा, ही नम्र विनंती.